सवाष्णीच्या सहा पोळ्या

माझं लग्न ठरलं तेव्हा आत्यानं कपाळावर हात मारून घेतला होता. "मुगलाईत द्यायची पोर?" कृष्णाकाठच्या आमच्या गावात मुगलाई म्हणजे निजामाचं राज्य, आणि निजामाचं राज्य म्हणजे जगाचं टोक. आत्या स्वतः साताऱ्याच्या पलीकडे कधी गेली नव्हती, पण मत द्यायला गावाबाहेर पडावं लागतं थोडंच! मला मात्र भीतीपेक्षा उत्सुकताच फार. तिथली माणसं बोलतात कशी, भाकरी कशाची खातात, बायका लुगडं कसं नेसतात, असं विचारून विचारून मी आईचं डोकं उठवलं. शेवटी ती म्हणाली, "जाते आहेस ना, मग बघशील."

सासर लातूरचं. यजमान तहसिलीत कारकून, आणि लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच त्यांची बदली देगलूरला झाली. सासू-सासरे लातुरातच राहिले आणि आम्ही दोघं दोन खणांच्या भाड्याच्या घरात आलो. बाजारात एका दुकानाशी मराठी, दुसऱ्याशी तेलुगू, तिसऱ्याशी कानडी, आणि कचेरीत सगळं उर्दू. यजमान संध्याकाळी कागद घेऊन बसले की उजवीकडून डावीकडे पळणारी ती अक्षरं मी मागं उभी राहून बघायची. एकदा हट्टानं माझं नाव लिहून घेतलं. एवढं लांबलचक नाव तिथं चार फराट्यांत संपलं, याचा मला उगीचच राग आला.

यजमानांची मराठीही मला नवीच होती. बाहेरून हाक द्यायचे, "येऊन राहिलो!" मी आतून म्हणायची, "येताय की राहताय, एक काय ते सांगा." पहिल्यांदा ते हसले. विसाव्यांदा हसले नाहीत, तेव्हा मी ते बंद केलं.

ते कचेरीत गेले की घर मला खायला उठायचं. दोन माणसांचा स्वयंपाक तो कितीसा! मग मी दारात उभी राहून जाणारं-येणारं माणूस न्याहाळायची. अशीच उभी असताना शेजारची सून मला पहिल्यांदा दिसली. माझ्याच वयाची, बोधनकडची, तेलुगू बोलणाऱ्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली. ती अंगणात रांगोळी घालत होती. आधी ठिपकेच ठिपके, मग एकच रेघ त्या सगळ्या ठिपक्यांना वळसे घालत गेली आणि कुठंतरी स्वतःलाच येऊन मिळाली. सुरुवात कुठून केली ते मला शोधूनही सापडेना. मी हातानं विचारलं. तिनं सगळी रांगोळी पुसली आणि माझ्यासाठी पुन्हा घातली. मला तरीही कळलं नाही. तिनं तीही पुसून तिसऱ्यांदा घातली, तेव्हा मात्र मला तिची कमाल वाटली.

आमच्या परसांच्या मधे कंबरेएवढी भिंत होती. तिथं दुपारी आम्ही भेटायला लागलो. ती मला अक्का म्हणायची. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू. एकदा ती रिकामं भांडं घेऊन आली आणि म्हणाली, "पालु." मी दचकून वर वळचणीकडे बघितलं. तिनंही बघितलं. आम्ही दोघी बराच वेळ पाल शोधत होतो. मग तिनं हातांनी गाईची धार काढल्यासारखं करून दाखवलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तिला दूध हवंय. त्या दिवशी आम्ही भिंतीला टेकून पोट दुखेपर्यंत हसलो. तेव्हापासून कानावर पडेल तो शब्द मी विचारून घ्यायची. ती चिंचेचा पिवळा भात आणायची, मी तिला शेंगदाण्याची चटणी द्यायची. यजमान सोडले तर त्या गावात माझं म्हणावं असं ते एकच माणूस होतं, आणि ते गमावायची माझी अजिबात तयारी नव्हती.

श्रावणात लातूरहून सासूबाईंचं पत्र आलं, शुक्रवारी सवाष्ण जेवू घाल. कुणातली घालावी ते त्यांनी लिहिलं नव्हतं आणि मीही उलट टपाली विचारलं नाही. शेजारणीच्या सासूबाईंना, म्हणजे गल्लीच्या अम्मांना, जाऊन विचारलं, सुनेला सवाष्ण म्हणून धाडाल का. अम्मा करारी बाई. त्यांना मराठी चांगलं यायचं. अंगणातूनच म्हणाल्या, "धाडते. पर येळेत परत लावून द्या."

मी पुरण घातलं, पाटाभोवती रांगोळी काढली, माझ्या साध्या चार ठिपक्यांची. तिला बसवलं, वाढलं. पहिली पोळी झाली, दुसरी झाली. मी तिसरी घेऊन वाकले तर ती म्हणाली, "चालु, चालु."

मला केवढा आनंद झाला! माझ्यासाठी पोरगी मराठी शिकून आली की! मी म्हटलं, "चालू? बरं, चालू!" आणि पोळी वाढून वर तुपाची धार धरली. ती पानावर हात आडवा धरून घाईघाईनं म्हणाली, "चालु, अक्का, चालु!" आमच्याकडे हात आडवा धरणं हा पंक्तीतला रिवाजच असतो, तोंडानं काय म्हणतात ते खरं. मी चौथी वाढली. सवाष्णीनं पानात टाकायचं नसतं, हे तिच्याकडेही होतंच. ती खाली मान घालून खात राहिली. पाचवीला तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला कटाच्या आमटीतल्या तिखटाचं वाटलं. सहावी वाढून मी तिची ओटी भरली आणि मनात म्हटलं, दिसते काडीसारखी, पण जेवते छान.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. दुसऱ्या दिवशी अम्मा परसात मिरच्या वाळत घालत होत्या. मी भिंतीवरून कौतुकानं म्हटलं, "तुमची सून गुणाची हो! सहा पोळ्या खाल्ल्या, वर चालू चालू म्हणत होती!" शेवटचं ऐकायला अम्मा थांबल्याच नाहीत. सहा पोळ्या ऐकूनच त्या सूप उचलून आत गेल्या. मला वाटलं, मिरच्यांचा ठसका लागला.

त्यानंतर ती भिंतीशी आली नाही. एक दिवस गेला, चार गेले. सकाळी मी दार उघडायच्या आत रांगोळी झालेली असायची. मी हाक मारली तर आत भांड्यांचा आवाज व्हायचा, पण उत्तर यायचं नाही. आधी मी काळजीत पडले, मग चिडले. एवढं निगुतीनं जेवू घातलं त्याचे हे पांग फेडले! यजमानांना म्हटलं, "इथली माणसं पोटात एक, ओठात एक." ते म्हणाले, "तू काही बोललीस का?" मी म्हटलं, "मी? मी तर तिचं कौतुक केलं." भिंतीकडे पाठ करून मी दुपारभर गव्हातले खडे निवडायची आणि कान मात्र मागं लावून बसायची.

दहाव्या की अकराव्या दिवशी बांगडीवाली आली. गल्लीतल्या सगळ्या बायकांना तीच बांगड्या भरायची. माझ्या एका हातातल्या बांगड्या पिचल्या होत्या, म्हणून मी ओट्यावर बसून तो हात पुढं केला. तो भरून झाल्यावर तिनं विचारलं, "चालु?"

"हं, चालू, चालू," मी म्हटलं आणि दुसरा हात पुढं केला.

तिनं टोपलीवर फडकं टाकलं आणि गाठ मारायला लागली.

"अहो, निघालात कुठं? चालू म्हणाले ना मी!"

"तेच तर! चालु म्हणलात म्हून टोपली बांधून राहिले."

"चालू म्हणजे भरा की पुढं!"

बांगडीवालीनं पदर तोंडाला लावला. "ते मराठीतलं हाय व्हय! आत्ता शेजारच्या सूनबाईकडनं आले, तोंडात तिचंच तेलंगी बसलं बगा. त्यांच्यात चालु बोले तो बस. बस, पुरे. लई झालं."

मग त्या सहा पोळ्या एकामागून एक माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. आडवा धरलेला तो हात, ते डोळ्यांतलं पाणी. जो शब्द येत नव्हता तो मी प्रत्येक वेळी विचारून घेतला होता. हा येतोय असं वाटलं, म्हणून विचारलाच नाही. एका हातात नव्या बांगड्या, एका हातात जुन्या, तशीच उठले आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राहिले.

अम्मा तुरीची डाळ निवडत होत्या. माफी मागायची मला सवय नव्हती. माझ्या स्वभावात ती बसत नाही. पण त्या दिवशी मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ती पुरे पुरे म्हणत होती आणि मी वाढा वाढा समजत होते. ती खादाड नाही, मी अडाणी आहे. रागवायचं तर मला रागवा.

अम्मा हसल्या नाहीत. डाळीवरचा हात तेवढा थांबला. "मी तिला इच्यारलं व्हतं," त्या म्हणाल्या, "लोकाच्या घरी इतकं कसं गं खाल्लंस म्हून. म्हणली, भूक लागली व्हती, गोड लागलं. दोन दिस पोट धरून पडली, तरी हेच. मी म्हणलं, खादाड हायेस, आता पंधरा दिस घराबाहेर पाऊल टाकायचं न्हाई."

"पण तिनं खरं का नाही सांगितलं?"

अम्मांनी आत हाक मारली. ती चौकटीशी येऊन उभी राहिली, माझ्याकडे न बघता. दहा दिवसांत चेहरा उतरला होता. अम्मांनी तिला तेलुगूत काहीतरी विचारलं. ती अगदी हळू, चारदोन शब्द बोलली. अम्मा माझ्याकडे वळल्या.

"म्हणून राहिली, अक्कानं बळंच खाऊ घातलं असं सांगितलं असतं, तर तुमी मला परत कवाच तिच्याकडं जाऊ दिलं नसतं."

मी भिंतीकडे पाठ करून रुसून बसले होते, तेव्हा पलीकडे ही मुलगी माझ्यापायी सासरी खादाड हे नाव घेऊन बसली होती आणि पंधरातले दिवस मोजत होती. मी तिच्याजवळ गेले, तिचे दोन्ही हात धरले आणि मला रडूच कोसळलं. ती घाबरून अम्मांकडे बघायला लागली.

अम्मांनी डाळीचं ताट पुढं ओढलं. "रडून कशाला राहिली गं? जा, बसा दोघी मागं," त्या म्हणाल्या. "दिवे लागायच्या आत तिला परत धाड म्हंजे झालं."