सायकलवाले काका जंगलात जातात

आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी तीस वर्षं लोकांच्या सायकली दुरुस्त केल्या. स्वतः मात्र गल्लीच्या टोकापलीकडे कधी पायडल मारलं नाही. चेन, ब्रेक, छर्रे यांवर तासभर बोलतील, पण चढाचं नाव काढलं की त्यांचा गुडघा दुखायचा.

काकूंनी पन्नाशीत सायकल शिकून घेतली, तीही काकांना पत्ता लागू न देता. मग एकदा जेवताना सांगून टाकलं, "राष्ट्रीय उद्यानात तीन दिवस सायकलवरून फिरायचं, तंबूत राहायचं. दोघांची नावं दिलीत मी."

"आणि दुकान?"

"बंद."

काका निघाले ते निम्मं दुकान कॅरिअरला बांधून. दमट जंगल, लाल मातीचा रस्ता. पहिल्याच चढावर काकू दिसेनाशा झाल्या. काका मागून सायकल ढकलत, "चेन जरा तपासत होतो," म्हणत पोचले.

तळावर कुणाचा तरी ब्रेक कुरकुरला. झालं! काका सगळ्यांच्या सायकली पालथ्या करून बसले.

"अहो, धनेश आलाय! केवढी चोच!"

"आलोच. एवढं चाक आऊट आहे, ते काढतो."

चाक सरळ झालं, धनेश उडून गेला. दुसऱ्या दिवशी हरणांचीही तीच गत. काकूंनी बोलणंच टाकलं. काकांना ते संध्याकाळी कळलं, तेही चहा मागितल्यावर.

तिसऱ्या सकाळी एक वनरक्षक सायकल हातात धरून चालत आला. मागच्या चाकाचं फ्रीव्हील गेलेलं, पायडल नुसतंच फिरायचं; महिनाभर गस्त पायी. काकांनी ते खोललं, धुतलं, बसवलं. वनरक्षकानं एक चक्कर मारली आणि हसतच म्हणाला, "चला दोघं माझ्याबरोबर. पाने-पकडी इथेच राहू द्या."

नदीकाठच्या बांबूंआड त्यानं त्यांना उभं केलं. समोर हत्ती डुंबत होते. एक पिल्लू आईच्या पायांतून चिखलात घसरत होतं, उठत होतं, पुन्हा मुद्दाम घसरत होतं. रिकाम्या हातांचं काय करावं ते काकांना सुचेना, म्हणून त्यांनी काकूंचा हात धरला.

"हात पुसलेत का?" काकूंनी हळूच विचारलं.

"नाही."

काकूंनी ग्रीसकडे एकदा बघितलं, पण हात काही सोडवून घेतला नाही.