सोबत आलेल्या बाईची सही

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही, पण त्या महिन्यात आमचं बोलणं बंद होतं. सकाळी दिवा लावायचे, हात जोडायचे आणि तोंड फिरवून चहा ठेवायला जायचे. नवरा असता तर त्याच्याशी भांडले असते, पण तो जाऊन सतरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. अंबरनाथ पूर्वेला माझी एक खोली आहे, आणि त्या खोलीत रागवायला फळीवरचा शंकरच काय तो शिल्लक होता.

मी म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम करते. चौदा वर्षं झाली. उल्हासनगरच्या एका ब्युरोत नाव नोंदवलेलं आहे, ते लोक पाठवतील त्या घरी जायचं. अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, औषधं द्यायची, आणि माणूस चिडला की ऐकून घ्यायचं. या कामाची एक गंमत आहे. कामात कितीही चांगल्या असलात तरी शेवट ठरलेला असतो. माणूस जातं, आणि तेराव्याच्या आत तुम्ही दुसऱ्या घरी दुसऱ्या कुणाची उशी नीट करत असता. सगळ्या घरांत मला मावशी म्हणतात. प्रेमाने म्हणतात, तक्रार नाही. पण एकदा एका घरी फोनमध्ये माझा नंबर 'मावशी ३' असा ठेवलेला मी पाहिला होता, आणि पहिल्या दोन मावश्या आता कुठे असतील असा विचार करत दिवसभर भाजी निवडली होती.

तर त्या वर्षी ब्युरोच्या बाईंनी सांगितलं की आता सर्टिफिकेट लागणार. घरची माणसं विचारतात, ट्रेनिंग झालंय का. बदलापूरला वर्ग सुरू झाला होता. तिथे पहिला कोर्स, मग त्यावरचा, मग वाटलं तर नर्सिंगकडे जायची वाट, असं सगळं एकाला एक जोडून दिलं होतं. पहिल्या पायरीला दहावी पास हवं. मी सातवी. मात्र ज्यांनी आठ वर्षं काम केलंय त्यांना दहावीची अट नव्हती. त्यांनी पंधरा दिवस वर्गाला बसायचं, परीक्षा द्यायची आणि कामाचे लेखी दाखले आणायचे.

वर्ग मला आवडला. शिकवणारी नर्स माझ्या निम्म्या वयाची होती. पहिल्याच दिवशी तिने मला बाहुल्याला उठवून बसवायला सांगितलं. मी नेहमीसारखे त्याच्या काखेत हात घातले आणि उचललं. ती म्हणाली, "मावशी, असं कधीच नाही उचलायचं. म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळतो." मी मान डोलावली. चौदा वर्षं मी तसंच उचलत होते. कुणाकुणाचे खांदे दुखले असतील आणि ते बोलले नसतील, हे मी त्या दिवशी घरी जाताना मोजत होते. तेव्हापासून मला ते सर्टिफिकेट नुसतं कामासाठी नको होतं. मला नीट शिकायचं होतं, पुढच्या पायऱ्याही चढायच्या होत्या.

दाखल्यांवर मात्र गाडी अडली. बदलापूरच्या एका काकांकडे मी तीन वर्षं होते, त्यांच्या सुनेने लगेच लिहून दिलं. शिवमंदिराच्या बाजूला एका आजींकडे दोन वर्षं, त्यांच्या मुलानेही दिलं, फक्त नाव काय लिहू असं विचारलं. बाकी सगळी महिना-दोन महिन्यांची कामं. दाखल्यांची पाच वर्षं झाली, आठ भरायला तीन कमी. उरलेली सगळी अम्मांकडे अडकली होती.

अम्मा सिंधी. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्यांचं घर होतं. त्यांना कंपवात होता. त्यांच्याकडे मी सहा वर्षं काढली, माझ्या सगळ्या कामात सर्वांत जास्त. स्वभाव कडक, आवाज आजाराने इतका बारीक झालेला की कान तोंडाशी न्यावा लागे. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही, मावशीही म्हटलं नाही. "अरी, सुन," म्हणजे अगं ऐक, एवढंच. शेवटी प्रकृती फार ढासळली तेव्हा बाहेरगावचे सगळे नातेवाईक जमले, आणि मुलाने मला सांगितलं, "मौसी, अब घर के लोग हैं, आप आराम करो." मी माझी पिशवी उचलून निघाले. आठवड्याने वॉचमनकडून कळलं की अम्मा गेल्या. दुसऱ्याच दिवशी मी नव्या कामावर हजर होते. पुढे मुलाने घर विकलं, बाजारातलं आपलं दुकानही विकलं, कुठे गेले कुणालाच माहीत नाही. फोन लागत नव्हता. त्या दुकानाच्या जागी आता पडदे आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे. तिथला माणूस म्हणाला, "हमको नहीं पता, माई," आणि पंखा जोरात करून मला पाणी दिलं.

म्हणजे माझ्या आयुष्यातली सहा वर्षं होती, पण ती झाली हे सांगायला एकही माणूस नव्हतं. वर्गातल्या नर्सने हळहळून सांगितलं, पुढच्या आठवड्यापर्यंत दाखला नाही आला तर नाव काढावं लागेल. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. रडलेही नाही. एकटं राहणाऱ्या माणसाचं रडणंसुद्धा आटतं, कारण थांबवायला कुणी येणार नसतं.

सोमवार होता. मी शिवमंदिरात गेले ती चक्क भांडायला. सभामंडपाच्या दारापाशी गर्दी तुंबली होती. पुढे एक म्हातारे गृहस्थ उंबरठ्याशी उभे होते आणि त्यांचा पाय उचलत नव्हता. मागचे लोक "चला ना काका, पुढे व्हा," करत होते. एकाने त्यांना दंडाला धरून ओढायला सुरुवात केली. बायको कावरीबावरी होऊन, "ओढू नका हो, पडतील ते," असं म्हणत होती. मी लांबूनच ओळखलं. हा कंपवात. दाराशी, उंबरठ्याशी या माणसांचे पाय जमिनीला चिकटतात. अम्मांचेही स्वयंपाकघराच्या दारात चिकटायचे.

मी सगळ्यांना थांबवलं. त्यांच्या बाजूला उभी राहिले आणि माझं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवलं. म्हटलं, "बाबा, घाई नाही. दरवाजा विसरा. माझ्या पायावरून पाय टाका." त्यांनी खाली पाहिलं आणि सहज पाय उचलला, पलीकडे गेले. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अम्मांच्या घरातलं मांजर एकदा आडवं बसलं होतं आणि अम्मा त्याच्यावरून तरातरा गेल्या होत्या, त्यावरून मला सुचलं होतं.

दर्शनानंतर त्या बाईंनी मला बाहेर पारावर बसवून घेतलं. सोनिवलीला नव्या इमारतीत राहतात म्हणाल्या. "तुम्ही हे कुठे शिकलात?" असं विचारलं, आणि मग "तुमचं नाव काय?" असंही विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं, इतक्या दिवसांनी ते कुणी कागदासाठी नाही, माझ्यासाठी विचारलं होतं. मग मी अम्मांचं सांगितलं, दाखल्याचंही सांगितलं. देवाला सांगायला आणलेलं सगळं गाऱ्हाणं मी त्यांच्यापुढेच रिकामं केलं.

त्या ऐकत होत्या, नवऱ्याच्या चपलेचा पट्टा लावून देत होत्या. सहज म्हणाल्या, "अम्मांना व्यायामाला कोण न्यायचं?"

"मीच. आठवड्यातून दोनदा."

"मग तिथे सही करत असाल की. आमच्या ह्यांना नेते तेव्हा मला दर खेपेला रजिस्टरमध्ये करावी लागते. सोबत आलेल्या माणसाची."

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. सहा वर्षं मी सही करत आले होते आणि मला ते आठवलंही नव्हतं. मान वर केली तोवर त्यांची रिक्षा आली होती. मी त्यांचं नाव विचारलं नाही. चौदा वर्षं मला कुणी आपुलकीने नाव विचारलं नाही म्हणून कुढत होते, आणि वेळ आली तेव्हा मीही तेच केलं. त्या पुन्हा मला दिसल्या नाहीत. कोण होत्या, यावर मी वाद घालत नाही. सोनिवलीच्या एक बाई होत्या, आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं, एवढं मला पुरे आहे.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरच्या त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेले. मॅडमनी मला पाहताच ओळखलं. जुनी रजिस्टरं सुतळीने बांधून कोपऱ्यात ठेवली होती, रद्दीवाला त्याच आठवड्यात येणार होता. मॅडमनी स्वतः गठ्ठा सोडला. पानापानावर अम्मांचं नाव, आणि पुढे माझी वाकडीतिकडी मराठी सही, माझ्या नावाची. मी पदराने डोळे पुसले आणि दाखल्याचं सांगितलं.

मॅडम गोंधळल्या. "कामाचा दाखला? पण तुम्ही तर अम्मांच्या डॉटर ना?"

"नाही हो मॅडम. मी पगारावर होते."

"असं कसं? हे बघा ना." त्यांनी नात्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे इंग्रजीत असायचं, मला काही ते वाचता येत नव्हतं. दाखवतील तिथे सही करून मी अम्मांच्या चपला काढायला वाकायचे. मॅडम वाचू लागल्या. पहिले दोन महिने केअरटेकर. त्यानंतर डॉटर. पुढची सगळी पानं, सगळी रजिस्टरं, डॉटर, डॉटर, डॉटर. "रिसेप्शनची मुलगी दर वेळी पेशंटला विचारते, साथ में कौन आया है. म्हणजे अम्माच सांगायच्या. आम्हाला वाटलं, मराठी माणसाशी लग्न केलेली मुलगी असेल."

मी रजिस्टर जवळ ओढलं. मॅडम म्हणाल्या, "तसं आमच्याकडे अटेंडंटला बाहेर बसवतात. आत फक्त घरच्यांना सोडतो. त्यासाठीही सांगितलं असेल त्यांनी." असेल. मी नाही म्हणत नाही. अम्मा व्यवहाराला पक्क्या होत्या, आणि मी जवळ नसले की घाबरायच्या. पण आत न्यायला बहीण, सून, भाची काहीही सांगता आलं असतं.

अडचण अशी की याच एका शब्दाने माझा दाखला बाद होत होता. मुलीने केलेलं कुणी काम म्हणून धरत नाही. मॅडमनी पेन काढलं. "मी सगळीकडे डॉटर खोडून केअरटेकर करते, सही-शिक्का देते. खरं तेच आहे ना?"

खरं तेच होतं. मला त्या कागदाची किती गरज होती हे मलाच ठाऊक. तरी माझा हात आपोआप रजिस्टरवर आडवा गेला. "राहू द्या, मॅडम. त्यांनी सांगितलंय ते राहू द्या. दाखला नाही झाला तर नाही." त्या क्षणी मी सगळं सोडून दिलं. कोर्स, पुढच्या पायऱ्या, देवाशी चाललेलं भांडण, सगळं. आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं.

मॅडमनी पेन बाजूला ठेवलं. मग लेटरहेड घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहिलं: या बाई सहा वर्षं अम्मांना आणत होत्या, पगारावर कामाला होत्या, काम कसं करत होत्या ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि नोंदीत जे नातं लिहिलं आहे ते पेशंटने सांगितलेलं आहे. बदलापूरच्या परीक्षक बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. वर्षांच्या जागी सहा लिहिलं. पहिलं सर्टिफिकेट मला मिळालं, आता मी पुढच्या पायरीच्या वर्गाला बसते. काखेत हात घालून मी आता कुणालाही उचलत नाही.

पण दवाखान्यातून घरी आले त्या दुपारचं सांगायचं राहिलं. मी दार लावून घेतलं आणि बादली भरली. आमच्यात जवळचं माणूस गेल्याचं उशिरा कळलं तरी डोक्यावरून पाणी घेतात. अम्मा गेल्या तेव्हा मी तशीच कामावर गेले होते, कारण पगारी बाईला सुतक नसतं. त्या दुपारी मी डोक्यावरून अंघोळ केली आणि त्या पाण्यात मनसोक्त रडले. लग्न झालेल्या मुलीला आईचं तीन दिवसांचं सुतक असतं. ते तीन दिवस मी देवाच्या फळीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी दिवा लावला, हात जोडले, आणि त्याच्यापुढे उभी राहूनही मला काही मागायचं आठवलं नाही.