पुरे म्हणजे अजून

आत्याचं काम जिवाणू पोसायचं. प्रयोगशाळेत सगळे तिला आत्याच म्हणत, तिच्याहून वयाने मोठा असलेला दारावरचा माणूससुद्धा. तिच्या ताब्यात मायकोप्लाझ्मा होते. हे इतके बारके आणि इतके आळशी जिवाणू, की दुसऱ्याच्या अंगात राहून आयतं मिळतंय म्हटल्यावर त्यांनी स्वतःची बहुतेक जनुकंच टाकून दिलेली. आत्या त्यांना लाडाने भरवी आणि वर "ऐतखाऊ मेले" म्हणून शिव्याही देई.

घरी नवरा होता. त्याने जन्मभर कोर्टात दुभाष्याचं काम केलेलं. तो निवृत्त झाल्यावर दोघं एका खोलीत राहायला आली, तेव्हा त्याने सामान कमी केलं आणि सामान संपल्यावर शब्द कमी करायला घेतले. "लोकांची बडबड फार वाहिली, आता ओझं उतरवतो," हे त्याचं शेवटचं लांबलचक वाक्य. पुढे "ते" म्हणजे चष्मा, चहा, खिडकी किंवा पायातला गोळा. नेमकं काय, हे भुवयांवरून ओळखायचं. जेवताना थांबायचं तर ताट सरकवलं की झालं, त्याला शब्द कशाला? मग "पुरे" हा शब्द रिकामाच पडला. चांगला शब्द वाया जाऊ नये म्हणून त्याने तो दुसऱ्या कामाला लावला. "पुरे" म्हणजे अजून वाढ. आत्याच्या हे इतकं अंगवळणी पडलं, की यात काही विचित्र आहे हेच ती विसरली.

अशात तिची बहीण जिन्यावरून पडली आणि आत्याला तिकडे जावं लागलं. शेजारी शिवणकाम करणारी बाई राहायची. ती म्हणाली, "तुम्ही खुशाल जा आत्या, काकांच्या जेवणाचं मी बघते." आत्याने तिला किल्ली दिली, गोळ्या दाखवल्या आणि ती गेली.

परत आली तेव्हा नवऱ्याची पँट दोरीने बांधलेली होती.

"अहो, ही काय दशा करून घेतलीत!"

"पुरे," तो केविलवाणं म्हणाला.

शेजारीण रडकुंडीला आलेली. "घासभर भात वाढला की 'पुरे' म्हणायचे. मी पातेलं उचलायची. मग तर 'पुरे, पुरे!' असं ओरडायचे. मला वाटलं, माझ्या हातचं आवडत नाही. काल तर काकांनी हातच जोडले हो!"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम वैतागून बसल्या होत्या. मायकोप्लाझ्माचं एक जनुक त्यांनी दुसऱ्या, साध्या जिवाणूत घातलं होतं, पण त्यातून निघणारं प्रथिन दर वेळी अर्धवट.

"असं का होतं?" आत्याने विचारलं.

"जनुकातला एक शब्द बाकीचे जिवाणू 'थांब' असा वाचतात. तुमच्या ऐतखाऊंनी पसारा आवरताना तो शब्द वाचून थांबवणाराच काढून टाकलाय. आता त्याच शब्दावर ते थांबत नाहीत, प्रथिनाच्या माळेत आणखी एक मणी ओवतात. हा बिचारा मात्र तिथेच हात आखडतो."

आत्याने स्टूल ओढून घेतलं. "मॅडम, माझा नवरा असाच उपाशी राहिला हो."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "वजन किती उतरलं?" मग म्हणाल्या, "एक तर निरोपातला शब्द बदला, नाहीतर वाढणाऱ्याला नवा अर्थ शिकवा. आम्ही शब्दच बदलतो. दुसऱ्या उपायात वाढणाऱ्याच्या घरात गोंधळ होतो."

आत्याने घरी येऊन नवऱ्याला गळ घातली. "अहो, नुसतं 'अजून' म्हणा ना!" त्याने बराच विचार केला आणि मान हलवली. टाकलेली वस्तू तो परत घेत नसे.

बहिणीकडे तर पुन्हा जावं लागणारच होतं, मग शेजारणीला शिकवणं आलं. आत्याने तिला समोर बसवून नवऱ्याला जेवायला घातलं. "पुरे" म्हणाला की डाव पातेल्यात गेलाच पाहिजे, अशी तिच्या हाताला सवय लावली. नवऱ्याने बाळसं धरलं. दोरी सुटली.

पण शेजारणीचं घर बिघडलं. तिचे सासरे "पुरे गं" म्हणाले की ती वाढतच सुटे. ताटात टाकायचं नाही अशी त्यांची शिस्त, त्यामुळे जेवण झालं की ते पोट धरून आडवे. "टीव्ही पुरे!" म्हटलं की मुलं आवाज वाढवत. एका गिऱ्हाइकाने मनगटाजवळ बोट ठेवून "बाही एवढी पुरे" असं सांगितलं, तर तिने बाही गुडघ्यापर्यंत शिवली.

तो माणूस कोट घालून आरशासमोर उभा राहिला. हात कुठेच दिसेनात.

"बाई, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात," शेजारीण ठामपणे म्हणाली. थंडीत हातमोजे वाचतील, असा विचार करून तो गेला.

शेवटी सासऱ्यांनीच फर्मान काढलं, की या घरात थांबायचं असेल तर "बास" म्हणायचं. त्या दिवशी त्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

आत्या एकदा कामावरून लवकर आली, तर खोलीला कुलूप. नवरा शेजारणीकडे बसून सुयांमध्ये दोरा ओवत होता. तो नुसती भुवई उडवायचा आणि ती हवं ते रीळ पुढे करायची. इतकी वर्षं त्याचं बोलणं फक्त तिलाच कळत होतं.

ती दारातच घुटमळली.

"आत्या, बटणं लावता येतात का तुम्हाला?" शेजारणीने आतून विचारलं.

येत होती. तिने चपला काढल्या आणि आत जाऊन बसली.