निळं पाणी

जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या आमच्या टपरीवर माझ्याइतका गरम चहा पिणारा माणूस जन्मला नाही. बाकीचे फुंकर घालत बसायचे, तोवर माझा ग्लास रिकामा. वर तोंडात तंबाखू आणि संध्याकाळी 'थोडीशी'. पुढे पोळी छातीत अडकायला लागली, तर तिला ढकलायला मी आणखी उकळता चहा ओतला. पोळी खाणं सुटलं, मग भातही; शेवटी पाण्याचा घोटही भीत भीत घ्यायला लागलो. घरी सांगितलं, डायटिंग करतोय.

बायको म्हणाली, "अहो, डायटिंगवाले पाण्याला घाबरत नाहीत," आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

दुर्बिणीत दिसलं, अन्ननलिकेचा कॅन्सर. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काका, चहा, तंबाखू, दारू, तिघांनी मिलके काम केलंय. खराब नळी काढते, तुमचं पोट वर ओढून तिच्या जागी गळ्याशी जोडते."

"म्हणजे घास तोंडातून थेट पोटात? बीच में स्टेशनच नाही?"

"जोड टिकला तर."

ऑपरेशन एवढं चाललं की तेवढ्यात माणूस महूला पायी जाऊन, सासुरवाडीचं जेवण झोडून परत येईल. नंतर कित्येक दिवस पोटातल्या नळीतून दूध ओतत होते. इंदूरच्या माणसाला बिनचवीचं जेवण! यमानंही असा छळ केला नसता.

जोड तपासायचं एक्स-रे मशीन बंद पडलेलं. बाईनं निळं औषध घातलेलं पाणी पेल्यात आणलं. जखमेतलं पाणी बाहेर यायला गळ्यात बसवलेल्या नळीला एक पिशवी होती. "पिशवीत निळं आलं, तर जोड गळतोय. मग तोंडानं खाणं बंद."

सगळा वॉर्ड उठून बसला. शेजारचा म्हणाला, "भिया, आहिस्ते!" मी घोट घेतला. नर्मदेचा अख्खा पूर छातीतून उतरतोय असं वाटलं. बायकोचं नाक पिशवीला टेकलेलं. बाई टॉर्च मारून बघतेय. 

"नाही आलं," बाई म्हणाली. पुन्हा वाट पाहिली. नाहीच आलं.

बायकोचा विश्वास बसेना. "मग पाणी गेलं कुठं?"

उत्तर संध्याकाळी मिळालं. निळं औषध पिवळ्यात मिसळून लघवीची बाटली हिरवीगार! वरून प्यायलेलं सगळा रस्ता पार करून खाली पोचलं होतं. ती बाटली मी पलंगावरून झेंड्यासारखी उंच धरली. वॉर्डानं टाळ्या पिटल्या, बायको हसता हसता रडली, आणि बाईनं दारातूनच हुकूम सोडला, "काकांना उद्यापासून पातळ खिचडी. तोंडानं!"