परदेशातल्या गडाची ओटी

"गडावर रिकाम्या हातानं जायचं नाही, वर देवी असते," असं आमच्या समोरच्या वहिनी म्हणायच्या, आणि म्हणताना पदराचं टोक असं मुठीत धरायच्या, की नारळ आत आहेच म्हणावं. पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीत आता त्या नाहीत, दाराला कुलूप असतं. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत ना, तर विसरला नसतात.

नवरा चिंचवडच्या कंपनीत. गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी दोघं मावळातला एखादा गड चढायची, देवीची ओटी भरायची, भाकरी खाऊन उतरायची. ते वारले, तरी वहिनींनी ओटी सोडली नाही. "देवी काय विचारते का, नवरा आहे का म्हणून?"

मुलगा स्कॉटलंडला. सुनेच्या बाळंतपणासाठी वहिनी तिकडे गेल्या. पहिलं नातवंड आपल्या हातांनी न्हाऊ घालायचं, एवढीच हौस. एका रविवारी मुलानं मित्रमंडळींबरोबर सहल काढली, जुन्या किल्ल्याच्या गावाला. वहिनींनी पर्समध्ये गुपचूप नारळ, तांदूळ, खण, कुंकवाची डबी भरली.

"अहो ताई, गड कसला! पार दारापर्यंत मोटार जाते," मला नंतर सांगत होत्या. "सगळं हिंडले, देवी काही दिसेना. मग भिंतीपाशी एक दगडी बाई दिसली, डोक्यावर मुकुट. म्हटलं, हीच."

कुंकू लावलं, ओटी ठेवली, सुनेची सुखरूप सुटका होऊ दे म्हणून हात जोडले. तेवढ्यात पहारेकरी आला. तुम्ही कोणाबरोबर आलात, असं विचारू लागला. वहिनींनी मुलाकडे बोट केलं. तो मित्रांत उभा होता. त्यानं मान वळवली आणि फोन कानाला लावला.

सून आली. पहारेकऱ्याची माफी मागून तिनं कागदी रुमाल वहिनींच्या हातात कोंबला. "पुसा ते." मग हळूच, "माझ्या बाळासाठी विधवेच्या हातची ओटी? काही कळतं का तुम्हाला?"

"निघता निघेना हो ताई, थुंकी लावून पुसलं," म्हणाल्या आणि हसल्या. मला कुठलं हसू येतंय!

पंधरवड्यात त्यांना परत पाठवलं. बाळंतपणाला सुनेची आई गेली. सोसायटीत वहिनी सांगायच्या, "थंडी मानवली नाही मला."

बारसं फोनवर बघायचं होतं. वहिनींनी आम्हा चौघींना बोलावलं, घुगऱ्या केल्या, ठेवणीतली साडी नेसल्या. नातवासाठी पाळणा स्वतः रचला होता. गायला तोंड उघडलं, तोच मुलगा म्हणाला, "आई, तुझा आवाज इकडून बंद केलाय. पाहुणे आहेत. तू नुसतं बघ."

"बरं बाळा," त्या म्हणाल्या. तेही तिकडे पोचलं नसणार.

तरी गायल्या. कडव्यामागून कडवं. तिकडे टाळ्यांचा गलका झाला, त्यात नाव ठेवून झालं आणि फोन बंद झाला. इकडे पाळणा चालूच. शेवटच्या ओळीत बाळाचं नाव घालायचं होतं. तिथं त्या थांबल्या, माझ्याकडे वळल्या.

"ताई, काय हो ठेवलं नाव?"

आम्हा चौघींपैकी एकीलाही ऐकू आलं नव्हतं.