सौद्याआधीचं पाणी

तीस वर्षं मी कुणाच्याही घरी सौदा होईपर्यंत पाण्याला हात लावला नाही. मी जुनं लाकडी सामान विकत घेतो, दुरुस्त करतो आणि पुन्हा विकतो. माणूस सामान बघायला आला की आपल्याकडे आधी पाण्याचा तांब्या-भांडं पुढे येतं. मी हात जोडून म्हणायचो, आत्ताच पिऊन आलो. ज्याचं पाणी पोटात गेलं त्याला तोंडावर ‘तुमच्या कपाटाला वाळवी आहे’ असं सांगताना माणूस मऊ पडतो, आणि मऊ पडलेल्या माणसानं या धंद्यात राहू नये, असा माझा नियम.

हा नियम मला कुणी शिकवला नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा ऐन उन्हात हातगाडी ओढत कसबा पेठेतल्या एका घरी गेलो होतो. घरमालकांनी पाणी दिलं, वर कोकम सरबत दिलं, पाठीवर हात ठेवून म्हणाले, कष्टाळू दिसतोस. मी इतका भारावलो की ते म्हणतील त्या भावाला त्यांचा शिसवी पलंग उचलला. हडपसरच्या माझ्या शेडमध्ये आणून एका पायावर हातोडी मारली तर आतून नुसता भुसा पडला. तसाच परत गेलो. दारातूनच म्हणाले, “तुम्ही पाहून घेतलंत ना?” दुपारी ‘तू’ होतो, संध्याकाळी ‘तुम्ही’ झालो. ते गृहस्थ आता हयात नसतील. माझा राग मात्र अजून ठणठणीत आहे.

तर असं सकाळी नऊपासून पाणी टाळत मी पुणंभर फिरायचो. पुढे पुढे तहानही लागेनाशी झाली, आणि याचा मला अभिमान वाटायचा. गेल्या वर्षी एका सकाळी कंबरेपासून खाली अशी कळ गेली की मी टेम्पोच्या चाकाशी बसलो. मुतखडा. तोही दुसऱ्यांदा. पहिला पडून गेला होता, तेव्हा मी डॉक्टरांचं बोलणं मनावर घेतलं नव्हतं.

या वेळी डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद समोर ठेवून सांगितलं, असंच चालू राहिलं तर एक मूत्रपिंड कायमचं दुखावेल. दिवसाला तीन लिटर पाणी. मी सवयीनं दोनवर या म्हटलं. ते हसले नाहीत. मग मी चहा त्यात धरायचा का, ताकाचं काय, आमटी किती पातळ असते हे त्यांना माहीत आहे का, असं एकेक काढत गेलो. ताक धरा म्हणाले, चहाही थोडा धरा, पण तीन म्हणजे तीन. माझा आवाज चढला. शेजारच्या घरात तर कुणी एवढं पीत नाही आणि सगळे धडधाकट आहेत, असं मी म्हणालो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “त्यांना तहान लागते, तेव्हा ते पितात. तुम्ही तहान मारून टाकलीत. म्हणून तुम्हाला माप लावून द्यावं लागतंय.”

घरी आलो. पण नियम मोडायचा नव्हता. म्हणून मी डोकं चालवलं. पहाटे उठून एका तासात तीनही लिटर पोटात ढकलायचं, नऊपर्यंत काय ते उरकायचं आणि मग दिवसभर मोकळं. बायकोनं विचारलं, उंटासारखं साठवून ठेवणार आहात का? मी तिला गप्प केलं. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, मळमळलं आणि उभ्या उभ्या भोवंडून मी मोरीच्या उंबऱ्यावर आपटलो. डॉक्टरांकडे पुन्हा वरात. पाणी एकदम ओतलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, जिवावर बेतू शकतं, हे त्यांनी मला चांगलं दरडावून सांगितलं. दिवसभर थोडं थोडं प्यायचं, उन्हात फिरलो तर जास्त, आणि लघवीचा रंग फिकट राहतो का ते बघायचं. पेले मोजत बसण्यापेक्षा तेवढं बघितलं तरी पुरे.

आता नियम तरी राहणार होता, नाहीतर मूत्रपिंड.

त्याच आठवड्यात नारायण पेठेतून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा निरोप आला. त्या लहान फ्लॅटमध्ये जाणार होत्या, सागवानी पुस्तकांचं कपाट द्यायचं होतं. बाई ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ. मी बसलो, त्यांनी पाणी आणलं, मी हात जोडले. आत्ताच पिऊन आलो.

“ओठ सुकलेत तुमचे,” त्या म्हणाल्या.

मग कसा कुणास ठाऊक, मी त्यांना मुतखड्याचं सांगून बसलो. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईपुढे खोटं टिकत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि कट्ट्यावरची एक काचेची बाटली दाखवली. त्यांचं हृदय अशक्त आहे, पायावर सूज येते, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी दिवसभरात त्या बाटलीएवढंच पाणी ठरवून दिलं होतं. दुपारपर्यंत ती निम्मी व्हायची आणि मग त्या घड्याळाकडे बघत बसायच्या.

“मला प्यायचंय तर देत नाहीत,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्हाला देतायत तर तुम्ही घेत नाही. पाणी घ्या. कपाटाचा भाव मी एका पैशानं कमी करणार नाही, काळजी नको.”

मी भांडं उचललं आणि प्यायलो. माठातलं गार पाणी होतं, वाळ्याचा वास असलेलं. दुसरं मागितलं. मग आम्ही भावाला बसलो. मी कपाटाची मागची फळी बदललेली आहे हे दाखवलं, बाईंनी ती कुणी आणि का बदलली हे सांगितलं. मी उठून जायचं नाटक केलं, त्यांनी चप्पल कुठे काढलीय ते सांगितलं. तासभर चाललं. मधे मला मोरीत जावं लागलं, तर म्हणाल्या, कडी जरा हळू लावा, ती विकायची नाहीये. अखेर ज्या भावाला सौदा झाला तो दोघांनाही थोडा टोचला, म्हणजे बरोबर झाला. मी अजिबात मऊ पडलो नव्हतो.

हमाल यायला वेळ होता. बाईंनी स्वतःसाठी बाटलीतून अर्धं भांडं ओतलं, माझं माठातून पूर्ण भरलं. त्या एकेक घोट जिभेवर धरून पीत होत्या. मीही मग सावकाश प्यायलो.

आता कुणाच्याही घरी पाणी आलं की मी आधी पितो. बॅगेत बाटली असते ती वेगळीच. परवा सोनोग्राफी झाली, नवा खडा नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा आणि लोणचं बंद करा, मीठ वाईट. लोणच्याबद्दल आमची बोलणी अजून चालू आहेत.