आधी मांडामांड

"आधी मांडामांड, मग रांधप," असं म्हणत ती पदर कमरेला खोचायची आणि कॉम्प्युटरसमोर बसायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, पण हिची बातच वेगळी.

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एका गाळ्यात आमची छोटी कंपनी होती. आम्ही चौघे प्रोग्रामर, डिग्रीचा तोरा मिरवणारे. ती डेटा एंट्रीला. मूळची मालवणकडची, स्वयंपाकाला रांधप म्हणणारी, घाटकोपरच्या चाळीतून यायची. तिला प्रोग्रामर व्हायचं होतं. साहेबांनी दोनदा सुनावलं होतं, ऑपरेटरने टाइप करावं.

प्रोग्राम लिहायचा तर आधी मशीनवर कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत बदलून देणारं सॉफ्टवेअर, बसवावा लागे. सात फ्लॉप्या, ठरावीक क्रमाने. मग कुठली फाइल कुठे आहे ते मशीनला सांगायचं. एक पायरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही विद्वान हमखास चुकायचो आणि एकमेकांवर ढकलायचो.

ती जेवणाच्या सुट्टीत आमची मॅन्युअलं वाचायची. महिन्याभरात तिने सगळ्या कमांड एका फाइलमध्ये ओळीने लिहिल्या आणि ती फाइल पहिल्याच फ्लॉपीवर ठेवली. 'मांड' एवढंच टाइप करायचं. पुढे मशीनच सांगे, आता तीन नंबरची फ्लॉपी घाला. चुकीची घातली तर थांबे आणि हवी ती पुन्हा मागून घेई.

तेवढ्याने तिचं समाधान होईना. तिने आमच्या शिपाईकाकांना मशीनसमोर बसवलं. त्यांनी आयुष्यात कधी कीबोर्डला हात लावला नव्हता. ते अडले की ही चकार शब्द बोलायची नाही. वहीत टिपायची आणि फाइल बदलायची.

"काकांना प्रोग्रामर करतेस काय गं?" मी हसून विचारलं.

"काकांना जमलं तर तुला पण जमेल रे."

एका मोठ्या गिऱ्हाइकाला काम दाखवायचं होतं, नेमकी त्याच सकाळी हार्ड डिस्क गेली. नवी बसवली, ती कोरी. मुलीला गोवर आल्यामुळे ही रजेवर. तिची फाइल वापरू, असं मी म्हणालो, तर साहेब म्हणाले, आज ऑपरेटरच्या भरवशावर राहायचं नाही. मग आम्ही चौघांनी हाताने करायला घेतलं आणि दोनदा वाट लावली. गिऱ्हाईक बाहेर दुसरा चहा पीत होतं.

शिपाईकाकांनी ट्रे खाली ठेवला. "सरका जरा," म्हणाले. पहिली फ्लॉपी घालून एका बोटाने त्यांनी 'मांड' लिहिलं आणि मशीन सांगेल तशा फ्लॉप्या घातल्या. वीस मिनिटांत कंपायलर चालू झाला. साहेब मागे उभे राहून बघत होते. ही त्या ऑपरेटरचीच फाइल का, त्यांनी विचारलं.

"बाईंचीच. मी नुसत्या फ्लॉप्या घातल्या."

सोमवारी तिचं टेबल आमच्या खोलीत आलं, माझ्या शेजारी. ती प्रोग्रामर झाली आणि पुढे आम्हा चौघांची प्रमुखही. मला तिचा तेव्हाही अभिमान होता, आजही आहे.

गेल्या वर्षी ती गेली. आता माझ्या हाताखालचं कुणी काम झालं म्हणून सांगत आलं, की मी आमच्या ऑफिसच्या वॉचमनला बोलावून मशीनसमोर बसवतो. तो अडला तरी मी काही बोलत नाही. वही उघडून टिपत बसतो.